भामटा कुणाला म्हणायचं

गेल्या साली कळंबच्या शिवारात माझ्या विहिरीवरली मोटारीची केबल कुणीतरी कापून नेली. आतल्या तांब्यासाठी नेतात. वरलं रबर जाळायचं अन् तार भंगारात घालायची. ऊस तहानलेला, मोटार मुकी.

दुपारच्या आत भावकीतल्या पोरांनी चोर धरूनही आणला. ओढ्याकडंला पाल टाकून राहणारा, कोयत्यांना धार लावणारा माणूस. त्याची बाही फाटली होती, ओठ सुजला होता.

"आबा, भामटाच हाय ह्यो. तुमी पोलिसात नाव तेवढं सांगा," माझा पुतण्या म्हणाला.

माझी सून बारामतीला कॉलेजात भाषा शिकवते. ती ओट्यावरून म्हणाली, "भामटा हे एका जमातीचं नाव होतं. लोकांनी त्याची शिवी केली."

"मंग वहिनी, रक्तातच हाय की!" पोरं खिदळली.

मला किळस आली. म्हणालो, "केबल माझी हाय. नाव मी सांगीन. सोडा त्याला." सोडलं, पण कुरकुरत.

जेवताना सुनेला विचारलं, चोराला आणखी काय काय म्हणतात, अन् ते शब्द आले कुठनं? मी चौथी नापास, पण विचारायला कुणाच्या बापाची भीती न्हाय. ती म्हणाली, ठग म्हणजे मुळात झाकणारा. तो शब्द इंग्रजांनी इथनंच नेला, लूटही नेली. त्यांचा रॉबर अन् अंगात घालायचा रोब एकाच मुळाचे, म्हणजे दुसऱ्याच्या अंगावरनं ओरबाडलेला कपडा. दरोडेखोरातला 'खोर' फारसी, म्हणजे खाणारा. अन् तस्कर म्हणजे 'ते करणारा', असं जुनी माणसं सांगायची. काय करणारा, ते बोलायचीसुद्धा लाज. आता लाज राहिलीय कुणाला?

पुढल्या आठवड्यात पुतण्याच्या पोल्ट्रीमागं जळक्या रबराचा वास आला. गेलो. राखेत माझ्या केबलचे तुकडे. मी लाल पट्टी गुंडाळून मारलेला जोड अर्धवट जळून तसाच पडलेला.

कुणीतरी मला तिथं बघितलं असणार; तासाभरात धाकटा भाऊ, पुतण्याचा बाप, दारात. "दादा, पोराचं चुकलं. लगीन जमलंय त्याचं. घरातलं घरात ठेव."

"पालातल्याला मात्र चव्हाट्यावर आणलंत."

"त्याचं काय, ती लोकं तसलीच."

थुंकावंसं वाटलं. परका असला की भामटा, आपला असला की 'चुकलं'. घरातल्या चोरासाठी आमच्याकडं शब्दच न्हाय.

ठाण्यात हवालदारानं विचारलं, "आबा, संशय कुणावर?"

"संशय न्हाय. चोर ठावा हाय," म्हणालो, अन् पुतण्याचं नाव बापाच्या नावासकट सांगितलं. सही केली. वाकडी, पण माझी. तेव्हापासनं भाऊ बोलत न्हाय. न्हाय तर न्हाय.

येताना पालाकडं वळलो. तो बाडबिस्तरा बांधत होता. म्हणालो, "तुजं नाव कुठंच न्हाय."

"बरं झालं आबा. पर पुढली केबल गेली की पोरं पयली हितंच येत्याली."

त्यानं दोर आवळला. थांब म्हणावंसं वाटलं. पण कुणाच्या भरवशावर म्हणणार?