फायलीची नाडी

माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा फ्रीज आणि बर्फाच्या मशीन दुरुस्त करतो. मशीनखाली आडवा पडून स्क्रू काढताना तो श्वास रोखून धरतो. "काम आणि सराव एकदमच उरकतो, दादा," असं मला म्हणतो. सुटीच्या दिवशी तो खोल समुद्रात एका श्वासात वीस मीटर खाली जातो आणि रबराच्या ताणावर सुटणाऱ्या भाल्याने मोठे मासे मारतो. त्याचा काळा रबरी पोशाख न्हाणीघरात टांगलेला असतो. आमच्या हिने एकदा तो माणूस समजून घर डोक्यावर घेतलं होतं.

त्याचा नियम एकच. एक जण खाली गेला की दुसऱ्याने पाण्यात वर थांबून त्याच्यावर नजर ठेवायची. वर धाकटी असते, पोटरीला सुरी बांधून. मी पहिल्यांदा बोटीत गेलो तेव्हा त्याने घड्याळ माझ्या हातात दिलं.

"दीड मिनिट झालं की हिला ओरडून सांगा. दोन मिनिटांच्या पुढे माझं काही खरं नाही."

टोपलीत लांब दोर नुसता ढीग होऊन पडला होता. एक टोक भाल्याला, दुसरं केशरी फुग्याला. मासा लागला की तो दोर ओढत पळतो आणि तरंगता फुगा त्याला दमवतो. पण तो पसारा मला बघवेना. सदतीस वर्षं कागद लावून ठेवण्याची सवय! मी दोराची सुरेख वेटोळी केली आणि खिशातल्या फायलीच्या नाडीने घट्ट बांधली.

तेवढ्यात बोटवाला ओरडला, "ट्यूना! उजवीकडे!"

मेव्हण्याने श्वास भरला आणि सूर मारला. धाकटीने दोराचं पुडकं आणि फुगा पाण्यात टाकला आणि मागोमाग उतरली. दोराकडे बघायला कोणालाच उसंत नव्हती. मलाही सांगायचं सुचलं नाही.

पन्नासाव्या सेकंदाला फुग्याला हिसका बसला.

"लागला!" बोटवाला हसला. "आता चुली मोठ्या करा!"

पुढच्याच क्षणी फुगा सरळ खाली गेला. बोटवाल्याचं हसू मावळलं. "एवढ्या लवकर फुगा बुडत नाही," तो म्हणाला.

मला तेव्हा कळलं. दोर सुटलाच नव्हता. मासा अख्खं पुडकं खाली खेचत होता, आणि वर येणारा माणूस त्याच वाटेवर होता.

"दीड मिनिट!" मी ओरडलो, तेव्हा धाकटी आधीच पाण्याखाली गेली होती. एक पन्नास. पाण्यावर कोणी नाही. दोन मिनिटं. मला पोहता येत नाही. मी घड्याळाकडे बघत राहिलो, कारण मला दुसरं काही करता येत नव्हतं.

दोन मिनिटं अठरा सेकंदांनी ती त्याची हनुवटी धरून वर आली. त्याचे ओठ निळे पडले होते. तिने गालावर चापट मारली. "श्वास घे! ऐकतोयस ना? घे श्वास!"

त्याने घेतला.

बोटीत तो बराच वेळ पडून होता. घोट्यावर दोराचा लाल वळ उमटला होता. मासा गेला, भालाही गेला.

"दोर पायात अडकलाच कसा? कधी अडकत नाही," धाकटी पुन्हा पुन्हा विचारत होती. "मी कापला तेव्हा पीळच पीळ होते नुसते."

"नशीब," तो म्हणाला. त्याची एक मूठ मिटलेली होती.

धक्क्यावर उतरताना त्याने ती मूठ माझ्या हातात हळूच रिकामी केली. ओली नाडी होती. "ही तुमची ना, दादा?" एवढंच म्हणून तो सामान उचलायला वळला.

ती नाडी खिशात घालून मी घरी जाऊ शकलो असतो. पण मी धाकटीला थांबवलं आणि तिच्यासमोर हात उघडला.

"तू बांधलंस?" ती कडाडली. "तुझं ऑफिस आहे का ते? फायली लावत बस घरी!" आणि मग तिथेच खाली बसून रडू लागली.

"अगं, घड्याळ तरी त्यांनी बरोबर वाचलं ना?" मेव्हणा म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "पुढच्या वेळी या, दादा. फक्त चढताना खिसे दाखवायचे."

तेव्हापासून बोटीत पाय ठेवण्याआधी मी दोन्ही खिसे उलटे करून उभा राहतो. धाकटी ते नीट तपासते. हसत मात्र नाही.