पाच इंची पाईप

व्यंकटी ड्रायव्हरने सगळी हयात गाडी कानाने चालवली. हात स्टिअरिंगवर आणि डोळे रस्त्यावर, हे तर सगळ्यांचेच असतात. पण गिअर कधी बदलायचा हे त्याला कान सांगायचा. इंजिनाचे फेरे दाखवणारं मीटर त्याच्या दहाचाकीत कधीचंच बंद पडलं होतं, आणि ते दुरुस्त करून घ्यावं असं त्याला एकदाही वाटलं नाही. इंजिन कण्हायला लागलं की गिअर खाली, किंचाळायला लागलं की वर. यात शिकण्यासारखं काही असतं हेच त्याला पटायचं नाही.

गाडी लातूरच्या शरणप्पा शेठची, आणि घर भोकरच्या अलीकडे, रस्त्याला लागून असलेल्या खेड्यात. लातूरला तूरडाळ भरायची, अहमदपूर, लोहा, नांदेड, भोकर करत तेलंगणात उतरवायची, येताना मिळेल तो माल घ्यायचा, आणि जाता-येता घरी थांबून दोन घास खायचे. वर्षानुवर्षं हेच. अशा माणसाचं अंग एकदम दुखत नाही, आळीपाळीने दुखतं. आधी कंबर, मग गुडघे. कंबरेला त्याने पट्टा बांधला, गुडघ्यांना तेल चोळलं, आणि त्यांचं दुखणं घरच्या माणसासारखं चालवून घेतलं. कानाला मात्र ना पट्टा बांधता येतो, ना तेल पुरतं.

आधी खिडकीकडचा उजवा गेला. अर्धं आयुष्य त्या कानावर वारा, हॉर्न आणि शेजारून जाणाऱ्या गाड्या आदळत होत्या. तो इतके दिवस टिकला हेच नवल. मग डावाही त्याच्या मागोमाग निघाला. व्यंकटीने कुणालाच सांगितलं नाही. त्याने एक युक्ती काढली. समोरच्याचे ओठ हलायचे थांबले की "हाव" म्हणायचं. जगातल्या बहुतेक प्रश्नांना "हाव" चालून जातं. ढाब्यावर वाढपी विचारायचा, "मामा, साधा का स्पेशल?" "हाव." वाढपी हसायचा आणि महागाचा चहा आणून ठेवायचा. घरी सुमनबाई विचारायची, "आता पुन्हा कवा येताव?" "हाव." ती नवऱ्याच्या तोंडाकडे बघत राहायची, मग ताट उचलून आत जायची. हळूहळू तिने विचारणंच कमी केलं. या शहाण्याला वाटलं, बरं झालं, बायको समजूतदार झाली.

गाडी मात्र समजूतदार व्हायला तयार नव्हती. ती कण्हतेय हे त्याला आता हिसके बसू लागल्यावर कळायचं, आणि किंचाळतेय हे तर कळायचंच नाही. डिझेल जास्त लागू लागलं. क्लचप्लेट जळाली, नवी टाकली, तीही वर्षाच्या आत जळाली.

"व्यंकटराव," शरणप्पा शेठ गोडाऊनच्या दारात म्हणाला, "दुसरी प्लेट गेली की ओ. गाडी तुम्हीच चालवताव ना?"

शेठ रागावला की नावाला राव जोडायचा. शेजारी त्याचा भाचा शिवम उभा होता. त्याला अवजड गाडीचं लायसन नुकतंच मिळालं होतं, आणि भाड्याने घ्यायचं घर बघावं तसा तो केबिनमध्ये डोकावत होता. त्याला दुसरं कुठलंच काम येत नव्हतं. शेत नव्हतं, आणि असतं तरी नांगर कुठल्या बाजूने धरतात ते बघून घ्यावं लागलं असतं. लेक बुद्धप्रिया पहिलटकरीण म्हणून माहेरी आली होती. कानात घालायचं यंत्र मिळतं हे त्याला माहीत होतं; पण कानात यंत्र घातलेल्या ड्रायव्हरच्या हाती गाडी कोण देईल? झाकली मूठ सव्वा लाखाची. ती तशीच झाकून तो गाडी हाकत राहिला.

आणि मग एके दिवशी माळाकोळीजवळच्या चढाला एक ट्रक त्याला मागे टाकून गेला. त्याच्या केबिनच्या मागे पोत्यासारखा जाड पाईप उभा होता. त्या ट्रकच्या ड्रायव्हरने गिअर बदलला, आणि व्यंकटीला तो बदल ऐकू आला. स्पष्ट ऐकू आला. किती महिन्यांनी कुठलंतरी इंजिन त्याच्याशी बोललं होतं. त्याच्या डोळ्यांत पाणीच यायचं राहिलं. कान काही मोठा करता येत नाही, त्याने विचार केला, पण पाईप करता येतो.

याला आपल्याकडे रोग रेड्याला आणि औषध पखालीला म्हणतात. पण थकलेल्या माणसाला औषध दिसलं की ते कुणाला पाजायचं याचा तो फार विचार करत नाही.

"गाडी गुदमरून राहिली शेठ," त्याने लातूरला जाऊन सांगितलं. "धूर भाईर पडायला जागा न्हाई. मोठा पाईप टाकला की दम मोकळा होतंय. चढाला ओढल, डिझेल बी वाचल."

यातलं थोडं खरंही होतं, म्हणून शेठला ते पटलं. डिझेलचं नाव काढल्यावर तर फारच पटलं. "टाक," तो म्हणाला. "पण आरटीओनं धरलं तर दंड तुझा."

"हाव," व्यंकटी म्हणाला. हे त्याला खरोखर ऐकू आलं होतं.

नांदेडला देगलूर नाक्याच्या अंगाला खाजाभाईचं दुकान होतं. दुकान म्हणजे पत्र्याचं छत, वेल्डिंगची मशीन आणि भिंतीला टांगलेले गंजके सायलेन्सर. खाजाभाई गाडीखाली सरपटत गेला, जुना पाईप बघून बाहेर आला, आणि हात पुसत म्हणाला, "अच्छा है की ये. कायकू काढतो?"

"मोठा पायजे. पाच इंची. मधला सायलेन्सरचा डबा बी नको, सरळ वर."

"इत्ता मोठा?" खाजाभाईने त्याच्याकडे नीट पाहिलं. "पोरं येतात, शौक असतो त्यांना. तू पन्नाशीचा माणूस व्यंकटी. कान दाखवला का कुठं?"

व्यंकटीने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. बहिऱ्याला ही एक सोय असते.

खाजाभाई कामाला लागला. इंजिनाचा धूर जिथून निघतो त्या टर्बोच्या तोंडाशी लहान आणि पुढे रुंद होत जाणारा, नरसाळ्यासारखा तुकडा त्याने आधी बनवला. एवढ्या जाड पाईपला सरळ वाकवलं तर तो दबतो, म्हणून वळणाच्या जागी त्याने पाईपाच्या तिरप्या चकत्या कापल्या आणि एकीला एक जोडत वळण घेतलं. दोन दिवस ठिणग्या उडत होत्या. केबिनच्या मागे पाईप उभा राहिला, वरचं तोंड तिरकं कापलेलं. व्यंकटीने किल्ली फिरवली, आणि नाक्यावरची कुत्री उठून पळाली. खाजाभाईने कान दिला नाही; त्याने पाईपाच्या बुडाशी, सांध्याच्या अलीकडे तळवा टेकवला, थोडा वेळ डोळे मिटून उभा राहिला, आणि मान हलवली.

"मेरे भी कान गये," तो व्यंकटीच्या अगदी तोंडासमोर येऊन म्हणाला. "मी हातानं ऐकतो. तू बी गिअरच्या दांड्यावर हात ठेवून शीक. ये पाईप जो बचा है वो भी ले जायेगा."

"हाव," व्यंकटी म्हणाला.

"जुना डबा फेकत नाही मी," खाजाभाईने भिंतीकडे बोट केलं. "तुम लोग वापस आते."

पण परत यायची गरज व्यंकटीला कशाला वाटेल? त्याला इंजिन सापडलं होतं. ते पाठीतून, सीटमधून, छातीतून त्याच्यापर्यंत पोचत होतं. लोह्याच्या पुढे त्याने गिअर असे टाकले की जवानी आठवली. महिनाभर शेठने राव म्हटलं नाही, आणि शिवमने केबिनमध्ये डोकावणं सोडलं. व्यंकटी स्वतःशीच गुणगुणू लागला. अर्थात काय गुणगुणतोय ते त्याला ऐकू येत नव्हतं.

बुद्धप्रियाला मुलगी झाली. तो बातमी कळताच पेढे घेऊन आला, आणि त्याच्या आधी त्याची गाडी आली. वेशीपासूनच घरांचे पत्रे थरथरायचे. शेजारची लक्ष्मीबाई दोन्ही कानांवर हात ठेवून म्हणायची, "आलं बाई तुमचं इमान!" बाळ झोपेतून दचकून उठायचं, हातपाय ताणायचं आणि काळंनिळं होईपर्यंत रडायचं.

"गाडी तिकडं रोडलाच बंद करत जा ना," सुमनबाईने त्याला सांगितलं. "लेकरू भेतंय."

"हाव," तो म्हणाला, आणि पुढच्या खेपेला पुन्हा तसाच गर्जत आला. सुमनबाईने पुन्हा सांगितलं. तो पुन्हा हाव म्हणाला. तिसऱ्यांदा तिने सांगितलंच नाही. तिने नुसती भाकरी वाढली आणि पाठ करून चुलीशी बसली. व्यंकटीला ती पाठ दिसली, तो जेवला, आणि हात धुऊन निघून गेला. का ते विचारायला त्राण नव्हतं; इतका थकवा त्याला आता नेहमीच असायचा. इंजिनाचा आवाजही पुन्हा दूर दूर जायला लागला होता. दुसऱ्या महिन्याच्या शेवटी त्याच्या डोक्यात आलं, सहा इंची बसेल का?

त्या दुपारी तो असाच आला. गाडी लिंबाखाली लावली, हातपाय धुतले आणि ओट्यावर टेकला. बुद्धप्रियाने बाळ आणून त्याच्या मांडीवर दिलं. पोरीचा चेहरा लाल झाला होता, डोळे घट्ट मिटलेले, आणि तोंड हे एवढं उघडलेलं.

"बघ, बघ," व्यंकटी कौतुकाने म्हणाला, "केवढी मोठी जांभई देऊन राहिली माझी माय!"

कुणी हसलं नाही. त्याने मान वर केली. बुद्धप्रिया त्याच्याकडे बघत होती. तिचा चेहरा पडला होता. ती उठून त्याच्या पाठीमागे गेली. मागून तिने काय केलं ते त्याला कळलं नाही. ती "बाबा, बाबा" म्हणून हाक मारत होती, एकदा, दोनदा, जोरात. तो नातीशी बोलत राहिला. मग ती समोर येऊन बसली, त्याचा राठ तळवा हातात घेतला आणि बाळाच्या इवल्याशा छातीवर ठेवला.

हाताखाली ती छाती थरथरत होती. भरल्या गाडीने चढ घेताना गिअरचा दांडा थरथरतो तशी. खाजाभाईचं बोलणं त्याला तेव्हा उमगलं.

"रडून राहिली का गं?" त्याने विचारलं.

बुद्धप्रियाने मान डोलावली.

सुमनबाई दारात उभी होती. हातातला तांब्या तसाच धरून ती काहीतरी बोलली. व्यंकटीच्या ओठांवर "हाव" आलं होतं. त्याने ते गिळलं. "काय म्हणलीस?" तो म्हणाला. "मला ऐकू न्हाई आलं."

ती जवळ आली, पुन्हा बोलली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं हे त्याला दिसलं, शब्द मात्र दिसले नाहीत.

"मोठ्यानं बोल, सुमन."

मग सुमनबाई ओरडली. "मला वाटलं, तुमाला माझ्याशी बोलायचा कंटाळा आला! दोन वर्सं झाली, मला तसंच वाटून राहिलं!"

असलं वाक्य बायको नवऱ्याला एकदाच बोलते, तेही चुलीकडे बघत, हळू. सुमनबाईला ते सगळी गल्ली ऐकेल असं बोलावं लागलं. भिंतीवरून लक्ष्मीबाईचं डोकं वर आलं आणि लाजून खाली गेलं.

"कंटाळा न्हाई गं," व्यंकटी म्हणाला. बहिऱ्याला स्वतःच्या आवाजाचा अंदाज नसतो. त्याचं बोलणं रस्त्यापर्यंत गेलं. "कान गेलेत माझे. दोन्ही. म्हणून तर पाईप टाकला. उद्या खाजाभाईकडं जाऊन काढून टाकतो, आन् मंग लातूरला जाऊन शेठला सांगतो. गाडी काढून घेतली तर घेऊ दे. शिवमला दे म्हणतो. तुला न्हाई कंटाळलो मी. हे सांगायचं राहून गेलं."

दोन वर्षं झाकलेली मूठ अशी भर दुपारी गल्लीत उघडली. आता काय होईल ते व्यंकटीला माहीत नव्हतं. त्याला फक्त थकवा कळत होता, माल उतरवून झाल्यावर येतो तसला, आणि मांडीवरच्या पोरीची छाती हाताखाली शांत झालेली कळत होती. त्याला अजून बोलायचं होतं. सुमनबाईने पदराने डोळे पुसले, त्याच्यासमोर खाली बसली आणि ओठांवर बोट ठेवलं. पुढचं तिने अगदी सावकाश, त्याला ओठ दिसतील असं म्हटलं.

"हळू बोला. पोरगी आत्ता झोपली."