तालमीच्या कट्ट्याचे तीन साक्षीदार

एका माणसाला तीन माणसं समजण्याची चूक माझ्या हातून झाली. तो एक माणूस मीच होतो, हे कळेपर्यंत नदी पात्राबाहेर आली होती.

थोरली लेक भूगोल घेऊन एम.ए. करते. तिच्या लघुप्रबंधाचा विषय कोल्हापुरातली आमचीच पेठ. पुराचं पाणी कुठवर येतं आणि लोक घर कधी सोडतात, हे तिला शोधायचं होतं. मी जेवता जेवता म्हणालो, "त्यात शोधायचं काय? पाणी तालमीच्या कट्ट्याच्या वर चढत न्हाय, घरात शिरत न्हाय. लिही आणि मोकळी हो."

"संदर्भ?"

"मी हाय की."

"पप्पा, मॅडमना एक माणूस चालत न्हाय. निदान तीन वेगळ्या ठिकाणी ताळा पडाय पायजे."

तीन म्हणजे काय मोठं? मी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं, 'जुने जाणते सांगतात की पाणी तालमीच्या कट्ट्याच्या वर चढत नाही. कुणाला अधिक माहिती असल्यास कळवावे.' जुने जाणते हे वजनासाठी घातलं. नुसतं 'मी सांगतो' म्हटलं तर आमच्या ग्रुपवर कुणी वाचत नाही. घरातही नाही.

उत्तरं आली की! ऑफिसातल्या सहकाऱ्यानं कळवलं, त्याच्या सासऱ्यांचंही हेच मत आहे. चुलतभावानं सांगितलं, त्याच्या गल्लीतही हेच बोलतात. मंडळाच्या माजी अध्यक्षांनी तर "आमचे वडील सांगायचे" अशी जोड दिली. मी तिन्ही नावं कागदावर उतरवून परीक्षेत कॉपी पुरवणाऱ्या बापाच्या उत्साहानं लेकीच्या हातात ठेवली. तिनं कागद घेतला, पण वहीत काही लिहिलं नाही. एकेकाला फोन लावायला बसली.

तेवढ्यात गगनबावड्याकडं पावसानं जोर धरला. आमच्याकडं पाणी नदीकडून चालत येत नाही, आधी गटारातून वर येतं. बातम्या सांगायच्या आत गल्लीला कळतं, कारण न्हाणीघराच्या जाळीतून कुजका वास सुटतो आणि उंदीर भरदिवसा भिंतीच्या कडेनं चढाकडं निघतात. त्या आठवड्यात मी जिन्यात उभा राहून ते बघत होतो. एकही उंदीर उताराकडं जात नव्हता.

आम्ही दुसऱ्या मजल्यावर. तळमजल्यावर आण्णा आणि काकू भाड्यानं राहतात. आण्णांच्या खुब्याचं ऑपरेशन झालेलं, कॉटवरून हलता येत नव्हतं. काकू रोज संध्याकाळी जिन्यातून हाक मारायच्या, "काय म्हणतीय नदी?" मी वरून सांगायचो, "काय न्हाय हो, निवांत झोपा."

एका दुपारी लेक वही घेऊन माझ्यासमोर बसली. "तिघांकडनं माग काढला. सासऱ्यांना जावयानं मेसेज दाखवला. काकाच्या गल्लीत काकानंच पाठवला. अध्यक्षांना वडलांनी नेमकं काय सांगितलं, ते आठवत न्हाय. सगळं येऊन तुमच्या मेसेजपाशी थांबतंय. आता तुमची मुलाखत."

"घे की. बापाला कधी न्हाय ते कोण विचारतंय."

"मागच्या मोठ्या पुरात तुम्ही कुठं होता?"

"गडहिंग्लजला. तुझ्या मामाकडं. रस्ते बंद झाले, अडकलो."

"मग कट्टा बघितला कुणी?"

"मित्राचा फोन आलता. पाणी कट्ट्याला लागलंय म्हणाला."

"त्यानंतर?"

"त्यानंतर त्यानंबी घर सोडलं. लाईट गेलती, फोन बंद झाले."

तिनं पेन खाली ठेवलं. आवाज चढवला नाही, म्हणून जास्त लागलं. "म्हणजे पाणी तिथं थांबलं न्हाय, पप्पा. बघणारा माणूस तिथनं निघून गेला. पुढं किती चढलं, ते बघायला गल्लीत कोण होतं?"

मी म्हणालो, "असं कसं? भिंतीवर रेघ राहिली असती की." आणि म्हणतानाच आठवलं. तळमजला तेव्हा रिकामा होता, कुलूप लावलेला. आम्ही परत आलो तर मालक आतून रंग देत होते. भर पावसाळ्यात कुणी रंग देतं का, हे मला तेव्हा सुचलं नव्हतं. आण्णा-काकू त्यानंतर राहायला आले.

मी चप्पल न घालताच खाली गेलो.

"या पावणं," आण्णा म्हणाले. "आज वाट चुकला?"

"आण्णा, निघायला पायजे. पाणी इथवर येऊ शकतं."

"कट्ट्याच्या वर येत न्हाय. हे बघा, आलंय की." त्यांनी उशाखालून मोबाईल काढला.

"ते मीच लिहिलंय."

"तुम्ही कुठं? जुने जाणते लिहिलंय."

"ते मीच."

आण्णांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "जुनं दिसताय खरं," ते म्हणाले. "जाणतं कधी झाला?"

काकू दारामागून बांधलेली पिशवी घेऊन आल्या. "मी परवाच भरलीया. तुमच्या मेसेजपायी हे हलंनात."

तालमीतल्या पोरांनी आण्णांना खुर्चीसकट उचलून टेम्पोत घातलं. वारणानगरच्या कॉलनीत त्यांची मुलगी असते, तिकडचा रस्ता अजून चालू होता. टेम्पो वळला तेव्हा न्हाणीघराच्या जाळीतून बुडबुडे यायला लागले होते. काळं पाणी फरशीवर सावकाश पसरत कॉटच्या पायाला लागलं. कट्टा तेव्हा कोरडा होता.

मी ग्रुपवर लिहिलं, 'आधीचा मेसेज चुकीचा आहे. मी स्वतः काही पाहिलेलं नाही. कृपया कुणी विसंबू नये.' दोन अंगठे आले. एकानं गुलाबाचा गुच्छ पाठवला.

आम्हीही सामान भरायला लागलो. इतक्यात मावसबहिणीचा मेसेज आला. ती गावाच्या दुसऱ्या टोकाला, नदीलगतच्या पेठेत राहते. 'आमच्या तालमीचा कट्टा अजून उघडा हाय. जुने जाणते सांगतात वर चढत न्हाय, म्हणून आम्ही थांबलोय. तू काळजी करू नको.'

कोल्हापुरात पेठेपेठेला तालीम आहे. माझ्या मेसेजात कुठली ते नव्हतं. आमच्यापुरती तालीम एकच, नाव कशाला लिहायचं?

तिला फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला. लेक दारात येऊन उभी राहिली. बाहेर गल्लीतलं पाणी अजिबात आवाज न करता वाढत होतं.

बायको लाईटचं मेन बटण बंद करत होती. माझ्याकडं न बघताच म्हणाली, "लागंस्तवर लावा. आणि लागला की शहाणपणा नको. एवढंच सांगा तिला, मला काय ठाऊक न्हाय, म्हणून तू निघ."