लवंगेचा बोळा

किडलेला दात पहिल्याच दिवशी भरायचा नाही, हा माझ्या सासऱ्यांचा नेम एकादशीच्या उपवासाइतका कडक होता. पेशंट कितीही मोठा असो, कितीही लांबून आलेला असो, अण्णा त्याच्या दातातली कीड खरवडून काढायचे, खळगा धुऊन कोरडा करायचे, जंतू मारायला कार्बोलिकची काडी आतून फिरवायचे आणि लवंगेच्या तेलात बुडवलेला कापसाचा इवलासा बोळा आत ठेवून वर पांढरा लेप लावायचे. मग हात धुता धुता म्हणायचे, "आठ दिवसांनी या. त्या बाजूनं खाऊ नका." आठ दिवस दात दुखला नाही, तरच चांदी भरायची. सांगलीत त्यांना कोणी नावानं ओळखत नसे. सगळे बोळावाले डॉक्टरच म्हणायचे.

दवाखाना खाली आणि आम्ही वर राहायचो. जिन्यात, पडद्यांना, अण्णांच्या सदऱ्यांना लवंगेचा वास असे. सासूबाई म्हणायच्या, "माझ्या मसालेभातात लवंग घालायची गरजच नाही. ह्यांना शेजारी बसवलं की झालं." अण्णा हसायचे आणि आणखी भात मागायचे. मूळचे ते साताऱ्याचे. हळदीच्या बाजाराला येणाऱ्या माणसांचे दात फार वाईट असतात, एवढ्या एका कारणावरून त्यांनी सांगलीत दुकान मांडलं, असं ते स्वतःच सांगत. दवाखान्याला ते दुकानच म्हणायचे.

खेड्यातली बरीच माणसं आधी रिंगणीच्या बियांची धुरी घेऊन मग आमच्याकडे येत. धुरीनं दातातले किडे खाली पडतात, अशी त्यांची पक्की खात्री. मला हसू आवरत नसे. अण्णा मात्र गंभीरपणे विचारत, "किती पडले?" "चार पडलं बगा." "मग एखादा राहिला असेल. त्याचं मी बघतो." एकदा मी म्हटलं, अण्णा, तुम्ही ह्यांच्या वेडात भर घालताय. ते म्हणाले, "त्याच्या दातात जिवंत काहीतरी आहे, हे त्याला माझ्याआधी कळलंय. आकार चुकला, एवढंच."

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मी ह्या घरात आले, ती मुंबईची डिग्री घेऊनच. वर घरात मी 'सूनबाई' आणि 'अगं' होते. जिना उतरला की 'डॉक्टर' आणि 'तुम्ही'. हा फरक त्यांनी शेवटपर्यंत पाळला. भाजी अळणी झाली तर वर बोलत. माझं दाताचं काम बिघडलं तर फक्त खाली बोलत, आणि तेही पेशंट गेल्यावर. पण एका गोष्टीवरून आमचं रोज वाजायचं. खळगा नीट साफ केला, औषधानं पुसला आणि गच्च भरला, तर बहुतेक दात त्याच दिवशी बंद करता येतात, असं मी शिकून आले होते. कार्बोलिक तर आतल्या नसेला त्रासच देतं, असंही आमचे सर सांगत. कार्बोलिक अण्णांनी माझ्या सांगण्यावरून सोडलं. आठ दिवस काही सोडले नाहीत. "आत काय चाललंय ते दात सांगेल, डॉक्टर. त्याला बोलायला वेळ द्या."

अशात एका चैत्रात बिराप्पा आला. जतकडचा धनगर, तिशीचा, खांद्यावर घोंगडी. मेंढरं घेऊन ही माणसं कृष्णाकाठाला येत आणि उन्हाळा सरत आला की पावसाआधी माघारी जत गाठत. खालची मोठी दाढ, खोल किडलेली. तो म्हणाला, "न्हाईतर उपटूनच टाका. रातचं लय ठणकतंय." दाढ वाचण्यासारखी होती. अण्णांनी ती साफ केली, बोळा ठेवला, लेप लावला आणि आठ दिवसांचं सांगितलं.

"आजच भरा की, डागतर. आमचा तळ परवा हलतोय."

"एसटीनं ये."

"आनि मेंढरं कोन राखनार?"

मी अण्णांना बाजूला घेतलं. म्हटलं, हा माणूस परत येणार नाही. लेप झिजेल, कीड पुन्हा आत शिरेल आणि दाढ जाईल. खळगा साफ आहे, आजच भरू या. अण्णा म्हणाले, "साफ आहे हे तुम्हाला दिसतं, डॉक्टर. मला दिसत नाही." आणि बिराप्पा गालावर हात ठेवून बाहेर पडला.

आठ दिवस गेले, पंधरा गेले. असे न परतणारे पेशंट अण्णांना नवे नव्हते. 'ज्याचा दात त्याला काळजी' म्हणून ते विषय संपवत. ह्या वेळी काही तो संपेना. जेवताना मधेच थांबून विचारत, "तो धनगर आला होता का गं, मी वर असताना?" महिना उलटला तेव्हा त्यांची झोप उडाली. एका सकाळी त्यांनी आरसा, खरवडणी, खल, पारा, चांदीची पूड, सगळं एका पिशवीत भरलं आणि म्हणाले, "माझा बोळा त्याच्या दातात राहिलाय. आणायला हवा." सासूबाई डबा बांधता बांधता म्हणाल्या, "लोकांची छत्री राहते, चष्मा राहतो. ह्यांचा बोळा राहिला." एकट्यानं उन्हात जाऊ नये म्हणून त्यांनी मला बरोबर धाडलं.

जतच्या वाटेवर कवठे महांकाळच्या स्टँडवर उतरून अण्णांनी चहावाल्याकडे मेंढरांच्या तळांची चौकशी केली. शेतकरी खतासाठी मेंढरं रानात बसवून घेतात, त्यामुळे कोणाच्या रानात कोणाची बसलीत हे तिथं सगळ्यांना ठाऊक. तिसऱ्या रानात बिराप्पा सापडला. आम्हाला पाहून तो दचकलाच. अण्णांनी रामराम केला नाही की पाणी मागितलं नाही. "तोंड उघड," म्हणाले.

लेप एका कडेनं झिजला होता, पण फुटला नव्हता. इतके दिवस टिकला कसा, मला नवल वाटलं. बिराप्पानंच ते सांगितलं.

"त्या अंगानं खाऊ नगा म्हनला हुता न्हवं? तवापास्नं ह्याच अंगानं खातोय."

"अरे, आठ दिवस म्हणालो होतो."

"आट दिस झालं का न्हाई, ते तुमी बगून सांगनार. माझं मी कसं ठरवू?"

त्याची बायको मागून म्हणाली, "भाकर चावाय निम्मा दिस बसत्यात ह्ये. मानसं हसत्यात."

 अण्णा चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसत राहिले. मग त्यांनी बिराप्पाला उन्हाकडे तोंड करून दगडावर बसवलं. मी मागे उभी राहून त्याचं डोकं धरलं. लेप निघाला, बोळा निघाला. अण्णांनी तो नाकाशी नेला आणि मग माझ्यापुढे धरला. अजून लवंगेचाच वास होता. दाढ खालून शाबूत होती. मेंढरं चहूकडून बघत असताना अण्णांनी खलात चांदी घोटली, दाढ भरली आणि म्हणाले, "उद्यापासून दोन्हीकडून खा. कधी सांगलीला आलास तर दाखवून जा."

परतीच्या एसटीत ते पिशवी मांडीवर घेऊन बसले. मिरज जवळ आल्यावर म्हणाले, "सूनबाई, येत नाही तो बेफिकीर, असं मी इतकी वर्षं धरून चाललो. ह्याला येता येत नव्हतं, इतकंच. आणि तो माझं सांगणं माझ्यापेक्षा जास्त पाळत होता." त्यानंतर पेशंट खुर्चीत बसला की त्याचं तोंड बघण्याआधी ते विचारायचे, "कुठून आलास? परत यायला जमेल का?" जमणार नसेल त्याचा दात ते मला भरायला देत, त्याच दिवशी. आणि जमणार असेल त्याला बोळा. माझं त्यांच्याशी भांडण संपलं ते असं. खरं सांगायचं तर त्या दिवसापासून मला ते सासरे वाटेनासे झाले. वडीलच वाटू लागले.

काही वर्षांनी अण्णा गेले, अगदी थोड्या आजारात. पडदे धुतले, भिंतींना रंग दिला, तरी जिन्यातला वास काही जाईना. सासूबाईंनी मसालेभातात लवंग घालायला सुरुवात केली आणि एकदा घालता घालताच रडल्या.

वर्षश्राद्ध झालं आणि पुढच्याच बाजाराच्या दिवशी बिराप्पा आला. मिशा पिकायला लागल्या होत्या. खुर्चीकडे बघून म्हणाला, "डागतर कुटं हायत?" मी सांगितलं. तो घोंगडी मांडीवर घेऊन बाकावर बसून राहिला. पेशंट येत होते, जात होते. दुपारी दवाखाना रिकामा झाल्यावर उठला आणि आपणहून खुर्चीत येऊन बसला.

"दाखवून जा म्हनलं हुतं. आता तुमी बगा."

मी आरसा धरला. चांदी काळी पडली होती, पण कडा जशाच्या तशा होत्या. दोन्ही बाजूंच्या दाढा सारख्या झिजलेल्या. मी आरसा खाली ठेवला. म्हटलं, "चांगली आहे दाढ."

"तर वो. तेंनी केलीया."

जाताना तो दारात घुटमळला. म्हणाला, "बाई, एक त्यो बोळा द्या की. दुकत न्हाई कायबी. नुस्ता जवळ ठेवतो." मी कापसाचा बोळा लवंगेच्या तेलात बुडवून त्याच्या हातावर ठेवला. त्यानं तो हुंगला आणि मुंडाशाच्या घडीत नीट खोचला. मग अण्णांना विचारावं तसं मला विचारलं, "परत कवा येऊ?"

"जमेल तेव्हा या," मी म्हटलं.