कड्यावरची काजळी

तीन आठवड्यांपूर्वी बोर्लीहून फोन आला, दत्तारामशेठ गेले. दुपारचं जेवण झालं, जरा आडवे झाले... आणि संपलं. फोन ठेवून मी आधी माझ्या मनगटाकडे पाहिलं. इरा, रोहन, नातवंडांनो, का ते सांगते.

शेठ आमचे सोनार. चाळीस वर्षं माझा प्रत्येक दागिना दिवेआगरहून त्यांच्याकडेच गेला. त्यांचा एक नेम होता: दुकानात आलेली चांदी, कशासाठीही आलेली असो, रिठ्याच्या पाण्यात घासून लखलखीत केल्याशिवाय परत द्यायची नाही.

इरा, तू अमेरिकेत पहिल्या पगारातून तिथल्या नावाहो या आदिवासी जमातीतल्या एका कारागिरिणीचं चांदीचं कडं घेऊन मला पाठवलंस. जुन्या नावाहो कड्यांवर मोठाले निळे फिरोजा खडे असतात; हे नव्या धाटणीचं, रुंद, सपाट, कडेला एकच छोटा फिरोजा आणि कोरलेल्या रेघा मुद्दाम काळ्या ठेवलेल्या. मला सैल होत होतं, म्हणून शेठांकडे दिलं. आठ दिवसांनी तू येणार होतीस. कडं परत मिळालं ते आरशासारखं, नक्षी गायब!

“बाई, केवढी काजळी साचली होती!” शेठ खुशीत.

“शेठ, ती काजळी नव्हती, तीच नक्षी होती.”

तू पाठवलेला कड्याचा फोटो त्यांनी चष्मा पुसून पुसून पाहिला. “म्हणजे तिकडची बाई मेहनतीनं काळं करते नि मी मेहनतीनं पुसतो? तुमच्या नातीसमोर माझं नाव जाणार!” मग आत हाक मारली, “अगो, चार अंडी उकड!”

“आत्ताच जेवलात ना?” शेठांच्या बायको, काकू, दारात आल्या.

“माझ्यासाठी न्हाय, कड्यासाठी!”

फिरोज्यावर मेण लावून त्यांनी कडं उकडलेल्या अंड्यांच्या चुऱ्यासोबत डब्यात बंद केलं. अंड्यातल्या गंधकानं चांदी काळी पडली की वरचा भाग तेवढा उजळायचा, रेघा काळ्याच ठेवायच्या. तीनदा फसलं. चौथ्यांदा, तू येण्याच्या आदल्या सकाळी, नक्षी परत आली. तू कडं हुंगून विचारलंस, “आजी, ह्याला ऑम्लेटचा वास का येतो?” आणि मी तुझी बॅग उचलून आत पळाले. उत्तर आज देते आहे.

पुढे शेठ स्वतः घडवलेल्या पैंजणांवरही काळ्या रेघा ठेवू लागले. बायका ओरडायच्या, “शेठ, घासायला विसरलात!” ते मिश्कील हसायचे.

कडं ज्यात गुंडाळून दिलं तो गुलाबी कागद माझ्या कपाटात आहे. त्यावर शेठांनी स्वतःलाच बजावल्यासारखं ठळक लिहिलंय: ‘उजळू नये.’ कडं पुढे तुझंच, इरा. कागद मात्र मी देणार नाही.