सुधाची गुलाबी कोळंबी

अलिबागच्या एसटी स्टँडवर भर मे महिन्यात आईनं माझ्या कानांवर मफलर बांधला होता. "कान झाक रे, तिथं बर्फ असतं." मी घामानं निथळत होतो. वसू, तू खिदळत होतीस, आणि माझी नवी नवरी सुधा पदराआड हसत होती. गाडी हलली तशी तुम्ही सगळ्याच रडायला लागलात.

सुधा मागाहून ओटावाला आली. तिथलं आमचं पहिलं घर म्हणजे एका इंग्लिश बाईंचं बेसमेंट. पहिल्या ख्रिसमसला बाईंनी आम्हाला वर जेवायला बोलावलं. उंच दांड्याच्या ग्लासात लेट्यूस, त्यावर उकडलेली गार कोळंबी आणि मेयॉनीजमध्ये केचप कालवून केलेलं गुलाबी सॉस. आम्हाला वाटलं, अख्खा कॅनडा ख्रिसमसला हेच खातो! सुधानं ते शिकून घेतलं, वरून लिंबू आणि चिमूटभर आपलं तिखट घातलं, आणि दरवर्षी करत राहिली. ही प्रॉन कॉकटेल नावाची विलायतेतली जुनी हॉटेलातली फॅशन, इथं कुणी करत नाही, हे कळायला बारा वर्षं लागली. तोवर आमच्या मृणालनं शाळेत सांगून टाकलं होतं की हा मराठी पदार्थ आहे. सुधा म्हणाली, "असू दे की. आपल्या घरात होतो ना, मग मराठीच."

सुधाला जाऊन चौदा महिने झाले. गेल्या ख्रिसमसला मृणाल व्हँकुव्हरहून आलीच नाही. यंदा तिचा फोन आला, "बाबा, आय'म कमिंग. आईचं प्रॉन कॉकटेल करशील?" माझा जीव सुपाएवढा झाला. वाटलं, हे एक जमलं तर पोर येत राहील.

ड्राइव्हवेवरचं बर्फ शोव्हलनं उपसलं, ग्रोसरीत जाऊन कोळंबी आणली. गुलाबी दिसली, म्हटलं वा, ताजी आहे! अलिबागला आपली आई करायची तशी हळद-मीठ चोळून ठेवली आणि चांगली पंधरा मिनिटं उकळली. ती आधीच शिजवलेली होती हो! पाकिटावर ठसठशीत लिहिलेलं होतं. मी कसला इंजिनियर, डोंबल. रबर झालं, आणि सॉस पिवळं.

मृणालनं एक तुकडा तोंडात घातला. कितीतरी वेळ चावत राहिली. "इट्स फाइन, बाबा." मग चमचा ठेवला आणि रडायला लागली. मी विचारलं, "आई किती वेळ उकळायची गं?" ती म्हणाली, "यू वेअर राइट देअर, बाबा. एव्हरी इयर." आवाजात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं. चार दिवस राहणार होती, दुसऱ्या दिवशीच निघाली. एअरपोर्टवर म्हणाली, "नेक्स्ट इयर लेट्स नॉट डू धिस, ओके?"

वसू, फोनवर तू सारखी म्हणतेस, दादा, आता घरी ये. कुठलं घर गं? अलिबाग आईनं चालवलं, ओटावा सुधानं. घर म्हणजे कुणीतरी रोज उभं राहून करायची गोष्ट होती, हे मला आत्ता, या वयात कळतंय. दोन्हीकडे मी नुसता जेवायला बसलो होतो.