घडीवरच्या दोन ओळी

एरोग्राम म्हणजे एकाच कागदाचं परदेशी टपाल; ते बंद करायला जी अरुंद घडी चिकटवतात, तिच्या आतल्या बाजूला बाबांच्या दोन ओळी असायच्या. बाकी सगळं पत्र आईचं, मराठीत, कडेपर्यंत गच्च भरलेलं. बाबांच्या ओळी मात्र इंग्रजीत. हवामान उत्तम आहे, तुझी प्रकृती उत्तम असेल अशी आशा आहे, असं काहीतरी. पाटबंधारे खात्यात आयुष्य काढलेल्या माणसाचं सरकारी इंग्रजी. लग्न होऊन सांता क्लाराला आल्यावर मी पत्र कधी कात्रीने कापलं नाही. कात्रीत घडी गेली असती तर बाबा गेले असते. मी भाजीची सुरी धुऊन पुसून घ्यायची आणि कडेने अलगद फिरवायची.

दोनच ओळी का, ते मला ठाऊक होतं. मी बारा वर्षांची असताना सुट्टीत मामाकडे गेले होते, तेव्हा बाबांनी मला एक पानभर इंग्रजी पत्र लिहिलं होतं. त्यांचं शिक्षण मराठी शाळेतलं. मला कॉन्व्हेंटमध्ये घालायला त्यांनी चार वेळा फेऱ्या मारल्या होत्या, आणि मला येतं ते आपल्यालाही यावं म्हणून रोज संध्याकाळी माझीच पुस्तकं वाचायचे. मी त्या पत्रातल्या चुका लाल शाईने दुरुस्त केल्या आणि ते परत पोस्टात टाकलं. त्यांना आवडेल असं खरंच वाटलं होतं. घरी गेल्यावर ते हसून म्हणाले, "आता चूक होणार नाही एवढंच लिहीन." त्यानंतर दोन ओळींच्या पुढे ते कधी गेले नाहीत. माफी मागायची राहून गेली. आमच्या घरात असल्या गोष्टी बोलत नाहीत, आणि मी तर मुळातच कमी बोलणारी.

इथे येऊन वर्ष झालं होतं. मला नोकरीची परवानगी नव्हती. इंग्रजी उत्तम यायचं, पण दुकानातल्या बाईने "हाउ आर यू टुडे?" विचारलं की उत्तर देईपर्यंत ती पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळलेली असायची. माझ्या नवऱ्याच्या ऑफिसात तैवानचा एक इंजिनिअर होता. त्याच्या बायकोला कॉलेजच्या प्रवेशासाठी इंग्रजीची परीक्षा द्यायची होती. नवऱ्याने परस्पर सांगून टाकलं, "माझी बायको कॉन्व्हेंटची आहे, ती शिकवेल."

"मला विचारलंस का?" मी म्हटलं.

"विचारलं असतं तर हो म्हणाली असतीस?"



त्या बाई माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठ्या. तैपेईला शाळेत गणित शिकवायच्या. मंगळवारी आणि गुरुवारी दुपारी आम्ही सार्वजनिक लायब्ररीत भेटायचो, मुलांच्या विभागात, कारण तिथेच बोलायला परवानगी होती. टेबलं गुडघ्याएवढी. आम्ही दोघी बुटक्या लाल खुर्च्यांवर पाय दुमडून बसायचो. त्या मला टीचर म्हणायच्या. मला ओशाळल्यासारखं व्हायचं, पण कोणीतरी मला काही म्हणत होतं याचं बरंही वाटायचं.

व्याकरणाने त्या वैतागायच्या. त्यांच्या भाषेत क्रियापद बदलत नाही. "काल, असं आधी सांगितलं," त्या म्हणायच्या, "मग क्रियापदाने परत कशाला सांगायचं? टीचर, इंग्रजी भाषा माणसांवर विश्वास नाही ठेवत." वाक्यं तुटक असायची, पण त्या बोलायला घाबरायच्या नाहीत. लायब्ररीतल्या बाईंशी, पोस्टमनशी, कोणाशीही बोलायच्या. मी शेजारी उभी राहून मनातल्या मनात त्यांची वाक्यं नीट करायची, तोंडातून एक शब्द न काढता.

उतारा वाचून उत्तरं द्यायची वेळ आली की मात्र त्या गणिताच्या बाई व्हायच्या. प्रत्येक उत्तराला पुरावा हवा. पट्टी लावून, पेन्सिलने उताऱ्यातली ओळ अधोरेखित करायची, समासात प्रश्नाचा आकडा घालायचा, मग उत्तर. चार पर्यायांत पुष्कळदा शेवटचा असायचा: 'उताऱ्यात दिलेले नाही.' तो पर्याय त्यांना पहिल्यांदा भेटला तेव्हा त्या खूप हसल्या. आमच्याकडे असं उत्तर लिहिलं तर मास्तर कान धरतील, म्हणाल्या. पुढे तो त्यांचा सर्वांत लाडका पर्याय झाला.

दोन महिन्यांत परीक्षेच्या उताऱ्यांचं पुस्तक संपलं. दीपगृह, मधमाश्या, हरवलेलं कुत्रं. पुस्तक मिटून त्या म्हणाल्या, "यात माणसं नाहीत. टीचरला घरून पत्र येतं?"

"येतं."

"मग ते वाचू."

मला आवडलं नाही. घरचं पत्र म्हणजे घरचंच. पण नाही म्हणणंही मला जमत नाही. त्या आठवड्यात मी आईच्या एका पत्राचं इंग्रजी केलं, वहीत सुवाच्य अक्षरात उतरवलं आणि खाली पाच प्रश्न घातले. आईने काय वाळवलं? रविवारी भिंतीवरच्या घड्याळाला किल्ली कोण देतं? इतर कोणी हात लावला तर काय होतं? भाषांतर करताना आईचा आवाज पातळ होत जायचा. 'करमत नाही' याला मी तीन दिवस शब्द शोधला, मग ते वाक्यच गाळलं. तरी बाईंना आई आवडली. वडील जास्त आवडले. "घड्याळवाले वडील," त्या म्हणायच्या. "फक्त ते किल्ली देतात. इतर कोणी नाही. चांगला माणूस, पण हट्टी."

मग दर पत्राचा उतारा होऊ लागला.

त्या सुमारास बाबांच्या ओळी थांबल्या.

पहिल्यांदा आईने लिहिलं होतं की पोस्टाची वेळ झाली होती, त्यांचं लिहायचं राहिलं. दुसऱ्या पत्रात घडी कोरी होती आणि त्याबद्दल काही नव्हतं. मी ती उजेडात धरून पाहिली.  मला कारण उमगलं असं वाटलं. माझी उत्तरं सगळी आईला असायची. बाबांना मी खाली एवढंच लिहायची, 'बाबांना सा. न.' माणूस किती दिवस एकतर्फी लिहील? ती लाल शाई इतक्या वर्षांनी वर आली असणार. मी ठरवलं की बाबांना स्वतंत्र, पानभर पत्र लिहायचं. रोज कागद पुढे घ्यायची. इंग्रजीत लिहिलं तर शहाणपणा दिसेल, मराठीत लिहिलं तर त्यांची हौस नाकारल्यासारखं होईल. कागद तसाच राहायचा.

तिसरं पत्र आलं तेव्हाही घडी कोरीच होती. मी त्याचाही उतारा केला. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

त्या गुरुवारी बाईंनी माझे प्रश्न सोडवलेच नाहीत. माझ्या वहीतली, क्लिपा लावून ठेवलेली चार पानं त्यांनी सुटी केली आणि त्या बुटक्या टेबलावर शेजारी शेजारी मांडली. चारही पानांवर पट्टीने मारलेल्या रेघा होत्या.

"आज मी प्रश्न काढला," त्या म्हणाल्या. "पहिला उतारा. घड्याळाला किल्ली कोण देतं?"

"बाबा."

"तिसरा उतारा. आई म्हणते, काल मीच किल्ली दिली." त्यांनी रेघेवर बोट ठेवलं. "दुसरा उतारा. खाट बाहेरच्या खोलीत आणली, तिकडे वारा येतो. आधी वारा नव्हता? तिसरा. आता आम्हाला मऊ भात लागतो. चौथा. भाचा रोज सकाळी येऊन तासभर थांबतो. भाचा काय करतो?"

"ते उताऱ्यात दिलेलं नाही," मी म्हटलं. हसायचा प्रयत्न केला.

त्या हसल्या नाहीत. "चार गोष्टी बदलल्या. आई का ते सांगत नाही. टीचर, वडील आजारी."

मला राग आला. मी पानं गोळा करायला लागले. "आमच्याकडे असं काही असलं तर कळवतात."

"हो?" त्या म्हणाल्या. "आमच्याकडे पत्रात सगळे बरे असतात."

शेजारच्या टेबलावर एक लहान मुलगी चित्राच्या पुस्तकाशी मोठ्याने बोलत होती. बाईंनी माझ्या हातातली पानं घेतली, नीट जुळवली, क्लिपा लावल्या आणि परत दिली. मग स्वतःच्या मोटारीतून मला घरी सोडलं. 

आमच्या घरी साताऱ्याला फोन नव्हता. खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरांकडे होता. नवऱ्याने ऑपरेटरकडून कॉल लावून दिला. डॉक्टरांचा मुलगा आईला बोलवायला वर गेल्याचं ऐकू आलं, मग चपला, मग आईचा धापा टाकणारा आवाज.

"काय गं? सगळं ठीक ना? एवढ्या लांबून फोन?"

"ठीक आहे. तुम्ही कसे आहात?"

"आम्ही मजेत. हवा बरी आहे. तुला पाठवलेली चिंच मिळाली का?"

"आई, घड्याळाला किल्ली कोण देतं?"

 

"कोणी सांगितलं तुला?" आई म्हणाली. आणि रडायला लागली.

अर्धांगाने बाबांची उजवी बाजू गेली होती. पाय सुधारला होता, काठी घेऊन चालत होते. हात नव्हता सुधारला. "त्यांनीच शपथ घातली. म्हणाले, पोरीचं बिऱ्हाड आत्ता कुठे लागतंय, तिला ओढून आणायची नाही. एकदा डाव्या हाताने लिहून बघितलं, मग म्हणाले, नको, अक्षर बघून तिला कळेल."

म्हणजे घडी कोरी ठेवली होती ती माझ्यावर रागावून नव्हे. फोन ठेवल्यावर आधी हेच मनात आलं, त्यांच्या हाताचा विचार त्यानंतर आला. याची मला अजून लाज वाटते.

नोव्हेंबरात मी सहा आठवड्यांसाठी घरी गेले. निघायच्या आधी बाईंनी एक घडी घातलेला कागद दिला. "घड्याळवाल्या वडिलांना परीक्षा," त्या म्हणाल्या. पाच प्रश्न होते, इंग्रजीत, पट्टीने आखलेल्या ओळींवर. क्रियापदं सगळी बरोबर होती. मी तपासली होती असं नाही, पण माझी नजर जातेच.

बाबा बाहेरच्या खोलीत खाटेवर बसले होते. केव्हापासूनची सवय असावी तसा उजवा हात डाव्या हाताने उचलून मांडीवर ठेवला होता. चेहरा बारीक झाला होता. शब्द जरा जड, पण आवाज तोच.

"विमानात जेवायला देतात का?"

"देतात."

"बरं असतं?"

"नाही."

 मग आई पोहे घेऊन आली.

कागद मी दोन दिवसांनी दिला. त्यांनी चष्मा लावून वाचला. "पेपर कोणी काढलाय?"

"गणिताच्या बाईंनी."

"मग मार्क सुटणार नाहीत." तरी पेन मागितलं. आई म्हणाली, "अहो, राहू द्या ना, ती लिहील तुम्ही सांगाल ते." ते म्हणाले, "परीक्षेत कोणी दुसऱ्याकडून लिहून घेतं का?"

आठवड्याला एक उत्तर व्हायचं. डाव्या हाताने, पाटीवरच्यासारखी मोठी अक्षरं, ओळ सोडून खाली घसरणारी. मी कागद धरून ठेवायची, हलू नये म्हणून. तुम्ही सकाळी काय खाता? आता घड्याळाला किल्ली कोण देतं? याचं उत्तर त्यांनी लिहिलं: माझी बायको देते, मी पाहतो, ती जास्त पिळते. चुका होत्या. मला प्रत्येक दिसत होती. मी पेनाचं टोपण हातात घट्ट धरून बसायची. त्यांचं लिहिणं दोन ओळींच्या पुढे जायला लागलं होतं. चौथ्या प्रश्नाला, मुलगी लहानपणी कशी होती, त्याला तर पाच ओळी झाल्या. त्यात लाल शाईचं पत्र होतं. त्यांनी लिहिलं होतं की ते अजून पेटीत आहे, कारण मुलीचं पहिलं पत्र आहे.

मी ते वाचलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. खिडकीतून खाली डॉक्टरांकडे कोण आलंय ते बघत राहिले.

पाचवा प्रश्न माझ्या निघण्याच्या आदल्या दिवशी आला. मुलगी पुन्हा कधी येणार?

बाबांनी वाचला, पेन खाली ठेवलं, कागद माझ्याकडे सरकवला. "हा मला नाही. हे तू लिही."

मी घडी घातली आणि कागद पर्समध्ये ठेवला.

जानेवारीतल्या पहिल्या मंगळवारी बाईंनी तो बुटक्या टेबलावर पसरला. त्या कॉलेजप्रवेशाची परीक्षा पास झाल्या होत्या. आता त्यांना माझी गरज नव्हती, तरी आल्या होत्या. प्रत्येक उत्तर त्यांनी बोट फिरवत वाचलं आणि समासात बरोबरची खूण केली. चुकांना हात लावला नाही. चौथ्यापाशी बराच वेळ थांबल्या. मग पाचव्या प्रश्नाखालची कोरी जागा पाहिली.

"वडिलांनी का नाही लिहिलं?"

"म्हणाले, हा प्रश्न माझा आहे."

मला वाटलं, त्या आपला लाडका पर्याय सांगतील, दिलेले नाही, आणि आम्ही दोघी हसून मोकळ्या होऊ. त्यांनी पर्समधून शार्पनर काढला. पेन्सिलीला टोक केलं, बारीक, फुंकर मारून. मग पेन्सिल कागदावर ठेवली आणि कागद माझ्या बाजूला फिरवला.